मोगरा : गजऱ्याचा आणि औषधाचा

चैत्र लागला की पेणच्या बाजारपेठेत आणि रोह्याच्या स्थानकाबाहेर मोगऱ्याचे गजरे दिसू लागतात. याच दिवसांत आपल्या चिकित्सालयांत व औषधी दुकानांतही मोगऱ्याची विचारणा वाढते. कोणी शिरोभ्यंगासाठी मोगरेल मागतो, कोणाला नेत्रदाहावर बंद पापण्यांवर फुले ठेवावयाची असतात, तर एखाद्या सूतिकेचे स्तन्य काही कारणाने कमी करावयाचे असते. ही मागणी आपण भागवतो कशी? तेलासाठी घाऊक व्यापाऱ्याकडून आलेला डबा उघडतो आणि फुलांसाठी रुग्णाच्या नातेवाइकाला समोरच्या गजरेवालीकडे पाठवतो. या दोन्ही गोष्टी आपण थांबवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

गजऱ्याचा मोगरा आणि औषधाचा मोगरा ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकच वनस्पती असली, तरी द्रव्य म्हणून त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्यांच्या तोडणीची वेळ वेगळी, त्यांना लागणारी निगा वेगळी, आणि गजऱ्याला जे चालते ते औषधाला चालत नाही. पेण व रोहा या दोन तालुक्यांत औषधाचा मोगरा पिकवता येण्यासारखा आहे. त्याला गिऱ्हाईक म्हणून मात्र येथील वैद्य व फार्मसीचे मालक यांनीच पुढे आले पाहिजे.

प्रथम नावाचा प्रश्न घेऊ, कारण घोटाळा तेथूनच सुरू होतो. भावप्रकाशाच्या पुष्पवर्गात मल्लिका आणि वार्षिकी ही दोन फुले स्वतंत्रपणे वर्णिली आहेत. मल्लिका उष्ण, लघु, वृष्य, तिक्त-कटु रसाची आणि मुखरोग, नेत्ररोग, कुष्ठ, अरुचि, विष व व्रण यांवर उपयुक्त. वार्षिकी शीत, लघु, तिक्त, त्रिदोषहर आणि कर्ण, नेत्र व मुख यांच्या रोगांवर उपयुक्त. कार्यक्षेत्र पुष्कळसे एक, वीर्य मात्र परस्परविरुद्ध. आजचे द्रव्यगुणाचे ग्रंथ उघडले तर जॅस्मिनम सॅम्बॅक हे नाव कोठे मल्लिकेपुढे, कोठे वार्षिकीपुढे, तर कोठे दोघींपुढेही आढळते. काहींनी एकेरी व दुहेरी फुलांच्या जातींत ही दोन नावे वाटून टाकून प्रश्न सोडविला आहे. व्यवहाराला ते सोयीचे आहे. शास्त्राला पुरेसे नाही.

मल्लिकेच्या पर्यायांत भूपदी आणि शीतभीरु ही दोन नावे येतात. ती वाचली की आपल्या परसातले झुडूप डोळ्यांपुढे उभे राहते : जमिनीशी सलगी ठेवणारे, कमरेच्या फारसे वर न जाणारे, थंडीत मुकाट राहणारे आणि उन्हाचा चटका बसताच जागे होणारे. एवढ्यावरून मोगरा हीच मल्लिका असे मला वाटते. पण मग अष्टांगहृदयाची ग्रीष्मचर्या अडचणीत टाकते. वाग्भटाचार्यांनी ग्रीष्मात कापूर व मल्लिका यांच्या माळा चंदनासह धारण करावयास सांगितल्या आहेत. उष्ण वीर्याचे फूल ऐन ग्रीष्मात कोण गळ्यात घालावयास सांगेल? याचे एक उत्तर असे देता येते की, धारण केलेल्या फुलाचे कार्य गंधाच्या द्वारे मनावर होते आणि सेवन केलेल्या फुलाचे कार्य वीर्याने देहावर होते. दुसरे उत्तर असे की, दोन्ही ग्रंथकारांपुढे एकच वनस्पती नव्हती. मला पहिले उत्तर अधिक पटते. तथापि जोवर हा निर्णय झालेला नाही, तोवर मोगरा पोटात देण्याची घाई करू नये आणि बाह्य प्रयोगापुरताच तो ठेवावा, हे सुरक्षित.

औषधी निर्मात्यांनी आणखी एका नावाबाबत सावध राहावे. मल्लिकेचा मदयन्ती हा पर्याय भावप्रकाशात आहे. पण आयुर्वेदिक फार्माकोपियात मदयन्ती या नावाने मेंदीचे पान येते. केश्य तेलाच्या पाठात मदयन्ती आली आणि कच्च्या मालाच्या यादीत कोणी ‘मोगरा’ लिहून ठेवला, की पुढचे सगळे चुकते. म्हणून खरेदीच्या वहीत संस्कृत नावावर थांबू नये. वनस्पतिशास्त्रीय नाव, उपयुक्त अंग, आणि फूल एकेरी की बटमोगऱ्याचे, एवढ्या तीन गोष्टी लिहिल्या तर पुष्कळ गोंधळ टळेल.

आता स्तन्यनिरोधाकडे वळू. मोगऱ्याच्या औषधी उपयोगांत आधुनिक कसोटीवर सर्वांत नीट तपासला गेलेला उपयोग हाच आहे. दक्षिण भारतात प्रसूत स्त्रीच्या स्तनांवर मोगऱ्याची फुले बांधून दूध आटविण्याची घरगुती रीत जुनी आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी ती रीत ब्रोमोक्रिप्टीन या औषधाशी तुलना करून पाहिली आणि १९८८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्तनांवर फुलांचे हार चिकटवावयाचे, ते ठरावीक वेळाने बदलावयाचे, अशी पद्धत होती. रक्तातील प्रोलॅक्टिन दोन्ही गटांत घटले. ब्रोमोक्रिप्टीनच्या गटात ते अधिक घटले. परंतु स्तनांचा ताठरपणा, दुधाचे प्रमाण आणि वेदनाशामकांची गरज या व्यावहारिक कसोट्यांवर दोन्ही उपाय सारखेच उतरले. शिवाय ब्रोमोक्रिप्टीन घेतलेल्या काही स्त्रियांना औषध थांबविल्यावर पुन्हा दूध येऊ लागले. पुढे १९९४-९५ च्या सुमारास अमेरिकेत स्तन्यनिरोधासाठी ब्रोमोक्रिप्टीनचा वापर, रक्तदाब वाढणे, झटके येणे यांसारख्या गंभीर दुष्परिणामांच्या तक्रारींमुळे मागे घेण्यात आला. त्यामुळे या फुलाचे मोल कमी न होता वाढलेच आहे.

अपत्य दगावलेल्या स्त्रीचे दुःख ज्यांनी चिकित्सालयात पाहिले आहे, त्यांना या साध्या उपायाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. वांझ दुधाने भरलेले, ठणकणारे स्तन घेऊन ती बसलेली असते. तिला आपण फुले बांधावयास सांगतो. आणि ही फुले येतात कोठून? गजरेवालीकडून. ती फुले दोन-तीन दिवस आपण सूतिकेच्या त्वचेवर, उष्ण व ओलसर जागी, अष्टौप्रहर ठेवतो. त्यांवर काय फवारले आहे, हे आपण विचारतो का?

विचारले पाहिजे. मोगऱ्याला कळी पोखरणारी अळी फार त्रास देते. एका कळीतून दुसरीत जाऊन ती रेशमी धाग्यांनी कळ्या गुंफून टाकते. त्याखेरीज कळीमाशी कळीचा देठाजवळचा भाग सुजविते, कळी जांभळट होऊन गळते. पानांवर लाल कोळी असतात. फुलशेती करणारा शेतकरी यांना तोंड देण्यासाठी कीटकनाशके वापरतो, आणि त्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. गजरा कोणी खात नाही. पण मोगऱ्याची तोडणी रोजची असते. भाजीला फवारणी आणि काढणी यांत काही दिवसांचे अंतर ठेवता येते; ऐन हंगामात मोगऱ्याला ते ठेवणे जवळजवळ अशक्य, कारण आज फवारले तरी उद्या पहाटे कळ्या खुडाव्याच लागतात. लांबच्या बाजारासाठी कळ्या मिटलेल्या राहाव्यात म्हणून त्या बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडविण्याचीही रीत आहे. हा माल डोक्यात माळण्यास ठीक आहे. सूतिकेच्या स्तनावर, दुखऱ्या डोळ्यावर किंवा पिण्याच्या माठात तो जाता कामा नये.

माठाचा उल्लेख मुद्दाम केला. उन्हाळ्यात वाळ्याची जुडी आणि मूठभर मोगरा माठात टाकण्याची आपल्याकडील रीत सुंदर आहे, आणि आपण वैद्य ती आवर्जून सांगतोही. आजोळच्या परसातला मोगरा होता तोवर तिला काही धोका नव्हता. आता परस गेले, सदनिका आल्या, आणि माठ असलाच तर त्यात बाजाराचा मोगरा पडतो. जो वैद्य हा उपाय सांगतो, त्याने ‘घरच्या झाडाचा, न फवारलेला’ हे शब्द त्याला जोडलेच पाहिजेत. तसा मिळत नसेल तर नुसता वाळा पुरे.

तेलाची गोष्ट याहून अवघड आहे. भावप्रकाशात वार्षिकीचे तेल तिच्याच गुणांचे असते असे सांगितले आहे. हे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो. पण त्यात निर्मात्यावर मोठी जबाबदारी टाकलेली आहे. फुलाचे गुण तेलात उतरले तरच ते त्या फुलाचे तेल. मोगऱ्याच्या फुलाचा कल्क व क्वाथ करून, तीळ तेलात घालून, नेहमीच्या पद्धतीने पाकसिद्धी केली तर काय होते, ते ज्याने करून पाहिले आहे त्याला ठाऊक आहे. तेलपाकात पाणी आटत असताना वाफेबरोबर सगळा गंध निघून जातो. उरते ते किंचित कडसर वासाचे पिवळट तेल. मग बाटलीत सुवास यावा म्हणून शेवटी ‘गंधद्रव्य’ मिसळले जाते, आणि ते गंधद्रव्य म्हणजे बहुधा बेन्झिल ॲसिटेट, लिनॅलूल, मिथाइल ॲन्थ्रॅनिलेट अशा कृत्रिम रसायनांचे मिश्रण असते. सुगंधी रसायने तयार करण्याचा मोठा उद्योग आपल्याच जिल्ह्यात, महाडच्या औद्योगिक वसाहतीत, चालतो. त्यात निंदा करण्यासारखे काही नाही. साबणाला आणि उदबत्तीला ती हवीतच. परंतु अशा रसायनाचे चार थेंब घातलेल्या तेलाला कर्णरोगघ्न म्हणून विकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

वस्तुतः मोगऱ्याच्या फुलाचा स्वभाव ध्यानात घेतला तर योग्य रीत आपोआप सुचते. सकाळी खुडलेल्या मिटल्या कळीत गंध जवळजवळ नसतो. ती संध्याकाळी उमलू लागते आणि उमलल्यावर रात्रभर गंध तयार करीत राहते, तोही झाडावरून तोडल्यानंतर. फूल जिवंत आहे तोवर गंध निर्माण होतो. उकळत्या तेलात टाकले की ते त्या क्षणी मरते. म्हणून फुलाला मरू न देता त्याचा गंध स्निग्ध पदार्थात शोषून घेणे, हाच खरा मार्ग. फ्रान्समधील ग्रास गावी चरबीच्या थरावर जाईची फुले पसरून अत्तराचा माल याच तत्त्वावर काढीत असत. चीनच्या फूजियान प्रांतातील फूचौ येथे हाच मोगरा रात्री चहाच्या पानांत मिसळतात, सकाळी फुले चाळून काढतात आणि पुन्हा नवी घालतात. त्या परंपरेला २०१४ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे जौनपूर, गाझीपूर, कनौज या भागांत फुलेल करण्याची जी रीत होती, ती याच जातीची. सोललेले, धुऊन वाळविलेले तीळ पसरावयाचे, त्यावर ताज्या फुलांचा थर, पुन्हा तीळ, पुन्हा फुले. रात्र उलटली की मलूल फुले काढून टाकावयाची आणि त्याच तिळांना नवी फुले द्यावयाची. असे अनेक दिवस केल्यावर ते वासित तीळ घाण्यावर घालावयाचे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात, म्हणजे बाराव्या शतकात, स्नानाच्या तेलासाठी फुलांनी वासित केलेले तीळ येतात. तेव्हा ही रीत परकी नाही. आपण ती पाकसिद्धीच्या सवयीमुळे विसरलो, इतकेच.

यात एक अडचण आहे आणि ती कोकणात अधिक जाणवते. ताज्या फुलांत पाणी पुष्कळ. ते तिळांत मुरते आणि वैशाखातील दमट हवेत तिळांना बुरशी धरावयास वेळ लागत नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी फुले काढल्यावर तीळ सावलीत पंख्याखाली पसरून कोरडे करणे अपरिहार्य आहे, आणि घाण्यावर घालण्यापूर्वी ओल तपासणे आवश्यक आहे. तेल खवट झाले तर सुगंध असूनही ते टाकूनच द्यावे लागेल. फुलांचे व तिळांचे प्रमाण, थर किती वेळा बदलला, तीळ किती तास वाळविले, हे सर्व पहिल्याच हंगामापासून लिहून ठेवले तर दुसऱ्या वर्षी आपलीच नोंद आपल्याला मार्गदर्शक होईल. २००० साली आलेल्या अनुसूची ‘टी’मुळे अशा नोंदी ठेवण्याची सवय आता बहुतेक फार्मसींना झालेली आहेच.

असे तेल कृत्रिम मोगरेलासारखे दरवळणार नाही. बाटली उघडताच दुकानभर घमघमाट सुटणार नाही. काही औषध विक्रेते म्हणतात, गिऱ्हाइकाला वास हवा असतो, शास्त्र नव्हे. मान्य. ज्याला वास हवा आहे त्याला केसांचे सुगंधी तेल म्हणून हवे ते द्यावे. बाजारात त्याची वाण नाही. मात्र लेबलावर ग्रंथाधार छापावयाचा आणि आत प्रयोगशाळेतला सुवास भरावयाचा, हे दोन्ही एकाच बाटलीत चालणार नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियम १६१ प्रमाणे आयुर्वेदीय औषधाच्या लेबलावर घटकद्रव्यांची खरी यादी असावी लागते. ज्या वैद्याला ‘मोगरा तेल’ हवे आहे, त्याने ती यादी वाचूनच बाटली घ्यावी. यादीत नुसतेच ‘सुगंध’ असे लिहिलेले असेल तर ती बाटली परत करावी. दहा वैद्यांनी परत केली की अकराव्याला यादी बदललेली दिसेल.

मग फूल आणावयाचे कोठून? येथे पेण-रोह्याचा विचार येतो. मोगऱ्याला पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. पाय ओले राहिले की झाड पिवळे पडून जाते. त्यामुळे पेणच्या पश्चिमेचा खारेपाट यातून वगळावा. तेथील खाऱ्या, चिकण जमिनीत भाताखेरीज दुसऱ्याची डाळ शिजत नाही. परंतु दोन्ही तालुक्यांत डोंगरपायथ्याची जांभ्याची, उताराची वरकस जमीन भरपूर आहे आणि तीत मोगरा चांगला येतो. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात असल्याने सपाट जमिनीत गादीवाफे करून लागवड करावी.

पाण्याचा प्रश्न वेगळा आहे. मोगरा फुलतो तो फाल्गुन ते ज्येष्ठ, म्हणजे कोकणातील विहिरी तळाला जातात नेमका त्याच काळात. रोहा तालुक्याला भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिकेत सुटणाऱ्या पाण्याचा आधार आहे आणि डोलवहाळच्या बंधाऱ्यापासून निघणारे कालवे त्याच पाण्यावर चालतात. पेणमध्ये हेटवणे धरण आहे, पण त्यातील मोठा वाटा नवी मुंबईकडे जातो. येथे शेततळे आणि ठिबक यांशिवाय भागणार नाही. झाड बुटके व मुळे फार खोल न जाणारी असल्याने थोडे पण नियमित पाणी त्याला पुरते. एक पथ्य मात्र कडक पाळावे. धाटाव औद्योगिक वसाहतीच्या खालच्या बाजूचे कुंडलिकेचे पाणी औषधी लागवडीला वापरू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत या नदीचे नाव आलेले आहे, आणि न फवारलेल्या फुलाला रसायनमिश्रित पाणी पाजले तर आपण साधले काय?

लागवडीची रीत कठीण नाही. मुळे धरलेली छाट कलमे किंवा दाब कलमे पावसाच्या सुरुवातीस लावावीत. तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस सव्वा मीटर अंतराची आहे. तिच्याप्रमाणे हेक्टरी सुमारे ६४०० आणि आपल्या गुंठ्यात चौसष्टच्या आसपास झाडे बसतात. खरी गोम आहे ती विश्रांतीत. दिवाळीनंतर पाणी तोडावे, झाडाला ताण द्यावा, पान झडू द्यावे, आणि मग जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर उंचीवर छाटणी करावी. तमिळनाडूत ही छाटणी नोव्हेंबरअखेर करतात. आपल्याकडे जमिनीतील ओल उशिरा सरते म्हणून डिसेंबरच्या उत्तरार्धापूर्वी ती करण्यात अर्थ नाही. छाटणीनंतर आळी खणून शेणखत द्यावे आणि पाणी सुरू करावे. जी नवी फूट येते तिच्याच शेंड्यांवर कळ्या धरतात. ज्यांच्या परसात मोगरा ‘नुसता वाढतो, फुलत नाही’ अशी तक्रार असते, त्यांनी बहुधा कधी कात्री लावलेली नसते किंवा बारमाही पाणी घातलेले असते.

फवारणीवाचून किडीचे काय? गुंठ्या-दोन गुंठ्यांत ते जमते. पोखरलेल्या कळ्या रोज वेचून नष्ट कराव्यात, झाडाखालची माती छाटणीच्या वेळी उलथून कोश उन्हाला द्यावेत, लाल कोळ्यांसाठी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारावा, आणि फारच झाले तर कळ्या धरण्यापूर्वी निंबोळी अर्क वापरावा. उत्पन्न बाजारी मळ्यापेक्षा कमी येईल. ते कमी येणार हे खरेदीदाराने दर ठरवतानाच मान्य केले पाहिजे. शेतकऱ्याने औषधी दर्जा द्यावा आणि दर मात्र गजऱ्याचा घ्यावा, ही अपेक्षा अन्याय्य आहे.

शेजारचे उदाहरण पाहू. पालघर जिल्ह्यातील विक्रमगड, जव्हार, मोखाडा या भागांत आदिवासी शेतकऱ्यांनी थोड्या थोड्या जमिनीवर मोगरा लावला, कळ्या दादरच्या फूलबाजारात पाठविल्या, आणि भातानंतर कामासाठी बाहेर पडणाऱ्या काही कुटुंबांना घरी राहून रोजचा पैसा मिळू लागला. आपल्या दोन्ही तालुक्यांतील कातकरी कुटुंबे उन्हाळ्यात वीटभट्ट्यांवर जातात. पेणहून दादर शंभर किलोमीटरच्या आत आहे. मग येथे मोगरा का नाही? एक कारण असे सांगितले जाते की, आंबा-काजूच्या हंगामात माणसे मिळत नाहीत, आणि कळी खुडणे हे पहाटेचे, कंबर मोडणारे काम आहे. दुसरे कारण दराचे. लग्नसराईत भाव चढतो, मुहूर्त संपले की कोसळतो, आणि कळी एक दिवसही थांबत नाही.

याच ठिकाणी आपला उपयोग आहे. फूलबाजाराला हवी असते मिटलेली टपोरी कळी. पहाटे खुडावयाची राहून गेलेली कळी त्याच संध्याकाळी झाडावर उमलते आणि बाजाराच्या दृष्टीने निकामी होते. आपल्याला नेमके तेच हवे : संध्याकाळी उमलत असलेले फूल, तासाभराच्या अंतरावरून आलेले, रात्रीच तिळांत जाणारे. म्हणजे एकाच झाडावरून पहाटेची कळी दादरला आणि संध्याकाळचे फूल फार्मसीला जाऊ शकते. जो माल बाजार नाकारतो तो आपण घेतो. अट एकच, झाडावर फवारणी नको. या अटीमुळे शेतकऱ्याचा बाजारी मालही घटेल, आणि त्या घटीची भरपाई आपल्या दरात असली पाहिजे. हे फूल मुंबईहून किंवा मदुराईहून आणता येणार नाही. मदुराईच्या मोगऱ्याला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची कीर्ती रास्त आहे. पण तो येथे पोहोचेपर्यंत त्याची रात्र संपलेली असते. औषधाच्या मोगऱ्यासाठी फार्मसी आणि मळा एकाच तालुक्यात असावे लागतात.

आपल्या संघटनेने यात काय करावे, याविषयी माझी सूचना मर्यादित आहे. प्रकल्प, अनुदान, परिसंवाद यांत न शिरता चार-पाच फार्मसींनी मिळून एका शेतकऱ्याशी लेखी बोली करावी : इतकी झाडे, फवारणी नाही, मार्च ते पहिल्या पावसापर्यंत रोज संध्याकाळचे सगळे फूल आम्ही घेऊ, दर हंगामाच्या आरंभी ठरेल आणि लग्नसराई संपली म्हणून उतरणार नाही. पेणला आगाऊ मागणीवर वर्षभर काम चालणे काही नवे नाही. येथील गणेशमूर्तींचा सारा धंदा तसाच चालतो. ज्यांची फार्मसी नाही अशा वैद्यांनी चिकित्सालयाच्या अंगणात आठ-दहा झाडे लावली तरी सूतिका व नेत्ररुग्ण यांच्यापुरते फूल निघेल. सूतिकेसाठी फुले देताना मात्र स्तन्यपान चालू ठेवावयाचे आहे की थांबवावयाचे, हे तिला व घरच्यांना स्पष्ट विचारूनच द्यावीत, आणि कागदावर तसे लिहावे. ताप, गाठ किंवा पूय असेल तर फुले बांधून वेळ दवडू नये.

झाडे यंदाच्या मृगात लावली तर पुढच्या उन्हाळ्यात थोडी फुले दिसतील आणि तिळांना पुरेल इतके फूल तिसऱ्या वर्षापासून मिळू लागेल. त्यानंतर नीट छाटणी ठेवल्यास झाड दहा-बारा वर्षे साथ देते. जूनमध्ये लागणारी कलमे रोपवाटिकेत आताच सांगून ठेवावी लागतात. एकेरी की बटमोगरा, हेही तेव्हाच ठरवावे. तेलासाठी दोन्हींचे एक-एक गुंठा लावून, दोन्हींचे तीळ वेगळे ठेवून, घाण्यावर वेगळे काढून पाहणे मला योग्य वाटते.